अंबूताईंचा अळणी चातुर्मास

अंबूताई गेल्याचं मला काशीनं सांगितलं. काशी आमच्या मुलींच्या शाळेची शिपाईण. सकाळचा गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता, मी चुलीपुढे होते, आणि ती दारातूनच ओरडली, "बाई, मोठ्या बाई गेल्या की वो!" मी तव्यावरची भाकरी उलटली. "कधी?" म्हटलं. "पहाटं. झोपंतच म्हनं." भाकरी फुगली, ती टोपलीत टाकली आणि मी दुसरी थापायला घेतली. काशी उंबऱ्यावर उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. मला रडू येईल असं तिला वाटत असावं. ते आलं नाही, आणि आलं होतं असं मी इथे लिहिणार नाही.

त्याला आता महिना होऊन गेला. शोकसभा झाली. तिथे पाच जण बोलले, त्यांतल्या तिघांना ताईंनी हयातीत शाळेच्या फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. इथल्या साप्ताहिकाच्या पुरवणीत दोन लेख आले. एकात ताई ममतेचा सागर आहेत आणि दुसऱ्यात धगधगती ज्योत. तिसरा लेख मी लिहावा असा संपादकांचा निरोप आला, कारण नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिकवलं. माझ्याकडून गोड काही मिळणार नाही, असं मी कळवलं. त्यांना ती थट्टा वाटली.

चांगलं आधी सांगून टाकते, म्हणजे मागे राहायला नको. ताई बालविधवा. सासरच्यांशी भांडून पुण्याला गेल्या, शिकल्या, ट्रेनिंग घेतलं आणि सोलापुरात येऊन मुलींची शाळा काढली. छत्री घेऊन पेठापेठांतून हिंडायच्या, ओसरीवर बसून बापांशी वाद घालायच्या आणि एकेक मुलगी उचलून आणायच्या. तेलुगू विणकरांच्या घरांतल्या मुली आणल्या, लिंगायत वाण्यांच्या आणल्या, आमच्यासारख्या भटा-कारकुनांच्या तर आणल्याच. हे सगळं खरं आहे. एवढं कबूल करून मी मोकळी झाले.

आता माझ्या ताई. त्या कधी कुणावर ओरडल्या नाहीत. ओरडणाऱ्या माणसाला उलट बोलता तरी येतं. ताई चष्म्यावरून बघायच्या आणि हळू आवाजात म्हणायच्या, "मथुराबाई, तुम्हाला हे शोभतं का?" म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. आम्हा शिक्षिकांच्या हातांतली कांकणं जास्त वाजली तर त्यांना चालायचं नाही. माझं हसणं मोठं होतं, ते त्यांनी पहिल्याच महिन्यात बंद केलं. आणि शाळेच्या भल्यासाठी म्हणून त्या सरळ चेहऱ्यानं खोटं बोलायच्या. इन्स्पेक्शनला दिपोटी, म्हणजे शाळाखात्याचे साहेब, येणार म्हणून शेजारच्या घरांतल्या मुली आणून हजेरी भरायच्या आणि वर त्याच साहेबांना सत्यावर चार शब्द ऐकवायच्या. मी हे एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "शाळा बंद पडली तर सत्य कुणाला शिकवाल?" याला उत्तर नसतं. ताईंच्या कुठल्याच बोलण्याला उत्तर नसायचं, तेच मला सहन व्हायचं नाही.

पण माझा खरा राग वेणूचा आहे. वेणू म्हणजे ताईंच्या बहिणीची मुलगी. वडील मैंदर्गीला देवस्थानाच्या कामात. तिथे चौथीपुढे मुलींची सोय नव्हती, म्हणून अकरा वर्षांची पोर मावशीकडे आली आणि जूनमध्ये माझ्या पाचवीत बसली. मीही शाळेत त्याच महिन्यात लागले होते. वेणू खिडकीजवळ बसायची. हाक मारली तर ती हाक तिच्यापर्यंत जायला वेळ लागायचा. आधी पापणी हलायची, मग मान वळायची, मग कुठे ओठ. "वेणू, भीमा नदी कुठे उगम पावते?" "...काय बाई?" प्रश्न पुन्हा विचारावा तोवर डोळे मिटलेले. श्रावण लागला तशी ती आणखी मंद झाली. जीभ जड झाली, चालताना बाकाला हात लावत चालायची, कपाळावर आणि गालांवर पुटकुळ्या उठल्या. पाटीवर एक ओळ लिहायची आणि तीच ओळ खाली पुन्हा, पुन्हा, पाटी भरेपर्यंत.

मला वाटलं, माज आहे. हेडमास्तरीणबाईंची भाची, हिला कोण काय म्हणणार! म्हणून मी मुद्दाम म्हटलं. सगळ्या वर्गासमोर उभी केली, "झोपाळू महाराणी" म्हटलं, मुली खो खो हसल्या. ती उभ्या उभ्या भिंतीला टेकून झोपली. मी तिचा कान पिळला, तर तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता की लाज नव्हती. घरात माणूस नसताना दार उघडं राहावं तसं ते होतं. तेव्हा पहिल्यांदा माझा हात थांबला.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर ताईंनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. "तिला उभं करू नका. तिला फेफरं येतं. औषध चालू आहे, त्यानं गुंगी येते." मैंदर्गीला दोनदा फेफरं आलं होतं. सोलापुरातल्या डॉक्टरांनी ब्रोमाइडचं मिक्स्चर दिलं होतं, दिवसातून तीनदा. "हे तुमच्या-माझ्यात राहील, मथुराबाई. फेफऱ्याची मुलगी वर्गात आहे कळलं, तर लोक आपल्या मुली उद्या घरी बसवतील. आणि हिचा बाप हिला परवा घेऊन जाईल." मी विचारलं, "पण ताई, ती वर्गात असून नसल्यासारखी आहे, तिला काही येत नाही, काही कळत नाही..." त्या म्हणाल्या, "वर्गात आहे ना?"

बस्स. तेव्हापासून मी त्या मुलीला बघत बसायचं काम केलं. दुसरं काही करता येत नव्हतं. फळ्याकडे पाठ करून उभी राहिले की पहिली नजर खिडकीकडे जायची. आणि भाद्रपदात दिपोटी आले तेव्हा काय झालं सांगू? साहेब वर्गात शिरले, पोरी चुळबुळत होत्या, एकटी वेणू ताठ, हाताची घडी घालून, भिंतीसारखी शांत. साहेब खूश झाले. तिच्याकडे बोट करून म्हणाले, "बसावं कसं हे या मुलीकडून शिका." तसंच शेरेबुकात लिहूनही गेले. आणि ताई शेजारी उभ्या राहून मंद हसल्या. त्या हसण्याबद्दल मी त्यांना आजवर क्षमा केलेली नाही.

आश्विनात ताईंना पुण्याला कसल्याशा परिषदेला जावं लागलं, पंधरा दिवसांसाठी. वेणूला कुठे ठेवायचं? गुपित मला एकटीला ठाऊक, म्हणून माझ्याकडे. ताई स्वतः सोडायला आल्या. औषधाची बाटली माझ्या हातात दिली. बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली होती. "एक खूण सकाळी, एक दुपारी, एक झोपताना. चुकवू नका. आणि हिला मीठ नाही. मी कार्तिकीपर्यंत अळणी व्रत धरलंय हिच्यासाठी, हीसुद्धा माझ्याबरोबर अळणीच जेवते." आषाढी एकादशीपासून ती पोर बिनमिठाचा भात आणि दूध खात होती. मी मान डोलावली.

आमच्या घरात मूल नव्हतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. हे एवढं सांगितलं की पुढचं समजेल.

पहिल्या दिवशी मी तिला अळणी भात वाढला आणि माझ्या ताटात भाकरी, शेंगाची चटणी घेतली. वेणूनं चटणीकडे पाहिलं. त्या डोळ्यांनी इतक्या महिन्यांत कशाकडेही तसं पाहिलं नव्हतं. मी चिमूटभर दिली. तिनं बोट चाटलं, मग ताट चाटलं, मग माझ्या ताटाकडे बघत राहिली. व्रत गेलं चुलीत, म्हटलं. औषध मात्र मी एकही चुकवलं नाही, खुणेला खूण जुळवून दिलं. आणि रोज दोन वेळ भाकरी, चटणी, लोणचं, आमटी... ती मागेल तितकं.

पाचव्या-सहाव्या दिवशी ती सकाळी आपण होऊन उठली. आठव्या दिवशी तिनं मला विचारलं, "बाई, तुमच्या घरात मांजर का नाही?" मला एवढा आनंद झाला की मी हातातलं काम टाकून तिच्यासमोर जाऊन बसले. दहाव्या दिवशी वर्गात मधल्या सुट्टीत गोंगाट ऐकू आला म्हणून गेले, तर वेणू बाकावर उभी राहून पोरींना कानडी आकडे शिकवत होती, "ओंदु, यरडु, मूरु..." आणि एखादी चुकली की कमरेवर हात ठेवून हुबेहूब माझ्यासारखी म्हणत होती, "झोपाळू महाराणी!" म्हणजे ते तिला ऐकू गेलं होतं. आत कुठेतरी ती सगळं ऐकत होती.

बाटली संपत आली म्हणून मी दवाखान्यात गेले. डॉक्टर बाहेरगावी होते. कंपाउंडर सिद्रामप्पा, जुना माणूस, त्याला मी सहज सांगितलं की मुलगी किती तरतरीत झाली आहे. मीठ सुरू केल्याचंही सांगितलं. त्यानं बुचावरचा हात काढून घेतला. "मीठ बंद होतं? कवापासनं?" म्हटलं, आषाढीपासून. "आगं आई गं! बाई, हे औषध आन् मीठ एका घरात ऱ्हात न्हाईत बगा. मीठ बंद केलं की औषध अंगात साठत जातंय, मानूस दगड होतंय. आन् मीठ लई दिलं की औषध समदं भाईर." मी म्हटलं, मग बरंच झालं की. तो म्हणाला, "बरं कसलं? भाईर गेलं की फेफरं परत येतंय. जरा जरा द्या मीठ. डाक्टर येऊंद्यात, त्यास्नी इचारा, मग बगा."

मी ऐकलं. मला सगळं समजलं. आणि घरी येऊन मी वेणूला नेहमीसारखीच चटणी वाढली. कमी वाढली असती तर ती पुन्हा झोपली असती, अशी मला भीती वाटत होती. मला जागी मुलगी हवी होती. जराशी जागी नको होती.

ताई परत आल्या. वेणू धावत फाटकापर्यंत गेली, "मावशी!" करून बिलगली. ताईंचा चेहरा तेवढा एकदा मी फुललेला पाहिला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं, अभिमानानंच. त्यांचं व्रतच पोरीला दगड करत होतं, हेही तोंडावर सांगितलं. त्या पांढऱ्या पडल्या. पण आवाज तोच, हळू. "ते मी डॉक्टरांना विचारीन. तोवर व्रत मोडायचं नाही. तुम्हाला जागी मुलगी हवी आहे, मथुराबाई. मला शाळेत राहिलेली मुलगी हवी आहे." मी म्हटलं, "शाळेत प्रेत बसवून ठेवायचं?" हा शब्द मी वापरला. त्यांनी वेणूचा हात धरला आणि चालू लागल्या.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी वेणूला माझ्या डब्यातली अर्धी भाकरी चटणी लावून पुन्हा दिली. ताईंचं म्हणणं मला मोडून काढायचं होतं. तासाभरानं भूगोल चालू असताना पाटी खाली पडल्याचा आवाज झाला. वेणू बाकाखाली होती. हातपाय ताठ, मान मागे, तोंडाला फेस. पोरी किंचाळत दाराकडे पळाल्या. काशीनं धावत येऊन पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली, कुणी कांदा आणायला गेलं. मी काय करत होते? मी फळ्यापाशी उभी होते, हातात नकाशाची काठी घेऊन.

ताई आल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि जमलेल्या बायामाणसांना सरळ चेहऱ्यानं सांगितलं, "उपासानं चक्कर आली. माझीच चूक, लहान पोरीला व्रत धरायला लावलं." कुणी विश्वास ठेवला नाही. आठवड्यात माझा निम्मा वर्ग रिकामा झाला. पोरींच्या आया म्हणत होत्या, हे लागट असतं. वेणूचे वडील मैंदर्गीहून बैलगाडी घेऊन आले आणि ट्रंकेसकट तिला घेऊन गेले. कार्तिकीला तेव्हा पंधरा दिवस उरले होते.

गाडी गेल्यावर ताई माझ्याजवळून जाताना एकच वाक्य बोलल्या, "त्या दिवशी डबा तुमचाच होता ना?" मी हो म्हटलं. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, पुढे नऊ वर्षांत नाही. कमिटीनं विचारलं तेव्हाही सगळं स्वतःवर घेतलं. मला कामावरून काढलं असतं तर मी रडले असते, चार शिव्या घातल्या असत्या आणि सुटले असते. ते सुख त्यांनी मला दिलं नाही. रोज सकाळी मस्टरवर सही करताना समोर त्या, हळू आवाजात, "या मथुराबाई." माफी मागायची सोय नाही, भांडायची सोय नाही. असं कुणाला ओशाळं करून ठेवणं याला लोक मोठेपणा म्हणतात. मी याला दुष्टपणा म्हणते आणि ते छापायची माझी तयारी होती.

इथवर लिहून कागद घडी करून ठेवले होते. संपादकांचा माणूस शनिवारी न्यायला येणार होता. गुरुवारी दुपारी शाळा सुटताना काशी एका मुलीला घेऊन वर्गात आली. उंच, सावळी, चोपून नेसलेलं नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, गळा मोकळा. "बाई, वळखलं का? वेणूताय हाय की!"

मी ओळखलं. तिनं मला ओळखलं नाही. वाकून नमस्कार केला, तोही कुठल्याही बाईंना करावा तसा. मावशीचं कळल्यापासून यायचं होतं, वडील सोडत नव्हते, म्हणाली. बोलणं सावकाश, पण नीट. अजून औषध आहे, पण थोडं, मीठ खाते. फेफरं वर्षात एखाद्या वेळी. लग्नाचं कुणी बोलत नाही. "मी ओसरीवर शाळा घेते, बाई. सात मुली येतात. आमच्याकडे अजून मुलींना चौथीपुढे काही नाही."

"कुणी सांगितलं घ्यायला?" मी विचारलं.

"मावशीनं. दर उन्हाळ्यात यायची. मला सोलापूरचं ते वर्ष काही म्हणजे काही आठवत नाही. शाळा आठवत नाही, हा वर्गही नाही... तुम्हीसुद्धा नाही, रागावू नका. पण मावशी सांगायची, तू पाचवीत पहिली होतीस, बाकावर उभी राहून मुलींना शिकवायचीस. तुला शिकवता येतं, शिकव." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "ती होती तोवर वडील गप्प होते. आता म्हणतात, तिनं तुझी समजूत काढली, तू वर्गात नुसती झोपायचीस. दिवाळीपासून मुली बंद करा म्हणतात. म्हणून आले. त्या वर्षी तुमच्या वर्गात होते ना मी? मग तुम्ही खरं सांगा. मी होते का पहिली?"

माझ्या पिशवीत हे कागद होते. नऊ वर्षांचं खरं त्यांत होतं, झोपाळू महाराणी होती, एकाच ओळीनं भरलेली पाटी होती. ताई मेल्या तरी मला कोंडीत पकडायचं सोडत नव्हत्या, असा संताप मला आला की डोळ्यांत पाणी आलं. वेणू घाबरून माझ्या तोंडाकडे बघत होती, लख्ख जागी.

"होतीस," मी म्हटलं. आवाज हळू आणि चेहरा सरळ ठेवला. "पहिली होतीस. गणितात जरा कच्ची, पण बाकी सगळ्यात पहिली."

"खरंच? वडिलांना सांगू तसं?"

"सांग. शनिवारी पुरवणीसाठी मावशीवर लेख देणार आहे, त्यात लिहिते," मी म्हणाले. हे कागद आता कुठेच जाणार नव्हते. "तुझं नाव घालून लिहिते. छापून आलं की वाचून दाखव त्यांना."